चौथ्या दिवसाचे मासे

तन्वीची पीएचडी मी बुडवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तरी मी सुधारेन अशी आशा धरून कुणी वाचायला नको. एवढ्या सगळ्यात मी खोटं एकदाच बोललो, तेही एका शब्दाचं. बाकी सगळं काम खऱ्यानेच झालं.

आम्ही दोघं क्योतोतल्या एका विद्यापीठात, माशांच्या शरीरावर काम करणाऱ्या एकाच प्रयोगशाळेत. मी देवदत्त, चिंचवडचा. ती ठाण्याची. मी तिच्या दोन वर्षं आधी आलो होतो, त्यामुळे सायकल कुठे लावायची, कुठला कचरा कुठल्या वारी ठेवायचा, आमचे मार्गदर्शक निशिओका-सेन्सेई "बघू या" म्हणाले की त्याचा अर्थ "नाही" असतो, हे सगळं तिला मीच शिकवलं. बाराजणांच्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. समोर बसलेल्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच बोलायची चैन आम्हाला होती आणि आम्ही ती भरपूर केली.

चंद्राची कल्पना माझी होती. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्याकडे दर गुरुवारी कुणीतरी एकाने बाहेरचा नवा शोधनिबंध समजावून सांगायचा असतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी पाळी आली तेव्हा मी नॉर्वेचा एक निबंध घेतला. नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही. तिथल्या प्राध्यापक होल्टे यांच्या गटाने कॉड मासे बंद खोलीतल्या टाक्यांत ठेवले होते. चंद्राचा उजेड लांबच राहिला, खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. तरी पौर्णिमेनंतर तीन ते पाच दिवसांनी माशांच्या रक्तात कॉर्टिसॉल चढत होतं. कॉर्टिसॉल म्हणजे प्राणी घाबरला, ताणात आला की वाढतं ते संप्रेरक. दर महिन्याला चढायचं आणि उतरायचं. माशांना चंद्र कुठून कळतो हे नॉर्वेवाल्यांनाही सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या पाण्यातल्या माशांवर हे करून बघावं, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी म्हणालो, आपण करू. बिवा सरोवर इथून अर्ध्या तासावर आहे, त्यातले मोरोको आपल्याकडे आहेतच. बोटाएवढे, रुपेरी, गरीब मासे. सेन्सेई "छान आहे" म्हणाले आणि मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"देवदत्त-सान, कल्पना तुमची उत्तम आहे. पण हे काम हातांचं आहे."

त्याचं असं, की मासा जाळ्याला घाबरला तर काही मिनिटांत त्याचं कॉर्टिसॉल आपोआपच चढतं. मग मोजलं ते चंद्राचं की जाळ्याचं, कुणाला कळणार? त्यामुळे टाकीतले आठही मासे दोन मिनिटांच्या आत काढून भुलीच्या पाण्यात टाकायचे आणि लगेच मारायचे. तन्वी हे दीड मिनिटात करायची. तिचं जाळं पाण्यात कधी गेलं ते माशांना कळायचंही नाही. मला सहा मिनिटं लागायची. माझे पंजे मोठे, मनगट जड. मी टाकीजवळ नुसता उभा राहिलो तरी मोरोको कोपऱ्यात गोळा होतात, असं आमच्या तंत्रज्ञ मोरिता-सान हसून सांगायच्या. सगळे हसायचे आणि मीही हसायचो.

काम तन्वीला मिळालं. मला संगणकावर बसवलं, दुसऱ्या कुणाच्यातरी माशांच्या वाढीचे आलेख काढायला.

"आभारात तुझं नाव पहिलं," तन्वी म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. ती सगळंच मनापासून म्हणायची, हाच तिचा त्रास होता.

आता चतुर्थी. तन्वी अंडंसुद्धा खात नाही आणि रोज सकाळी दहाला आठ मासे मारते. मी तिला यावरून पहिल्या दिवसापासून छळत आलो. ती चिडायची नाही. विज्ञानासाठी मारते, मजेसाठी नाही, म्हणायची. पण संकष्टीला तिचा उपास असायचा आणि त्या दिवशी तिला हे काम नको वाटायचं. प्रयोग गेल्या वर्षी एप्रिलात सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात आदल्या संध्याकाळी तिचा मेसेज आला: "उद्या चतुर्थी आहे रे. मासे मारशील का, प्लीज? चंद्रोदयानंतर जेवायला ये, मोदक करते."

"बाकीच्या दिवशी मारलेले चालतात का बाप्पाला?" मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं.

"चालत नसणार. पण एक दिवस तरी माझ्या हातून नको," ती म्हणाली. "महिन्यातून एक. तेवढं माझ्या आईला आणि मला पुरतं."

मग मी मारले. टाकीतून मासे काढून भुलीच्या पाण्यात टाकणं आणि डोक्यामागे काप घेणं, एवढंच माझ्याकडे. तेवढा वेळ ती बाहेर थांबायची; मला किती मिनिटं लागली ते तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. रक्त घेणं, वजन करणं, नळ्यांवर आकडे टाकणं सगळं तीच करायची. नोंदवहीत एक रकाना असतो, 'हाताळणी'. त्यात ती रोज स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लिहायची. चतुर्थीच्या दिवशीही तिने तेच लिहिलं.

यात लपवाछपवी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. शेजारणीला "आज तेवढी दुधाची पिशवी घेऊन ठेव" म्हणावं, तसं तिने मला सांगितलं होतं. दूध आपलंच राहतं. शिवाय सेन्सेईंना काय सांगणार? आज चतुर्थी आहे म्हणून हात बदलला? चतुर्थी म्हणजे काय, चंद्र बघून जेवायचं म्हणजे काय, हे जपानीत समजावत बसायचं आणि वर आपल्या घरच्या कारणासाठी दुसऱ्याला कामाला लावलं म्हणून दहा वेळा माफी मागायची. तिने ते टाळलं. मीही टाळलं असतं.

संकष्टी येते ती पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी.

पहिल्या महिन्यात चौथ्या दिवशी कॉर्टिसॉल चढलं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा चढलं. तिसऱ्या महिन्यानंतर सेन्सेईंनी नॉर्वेला कळवलं. कॉड माशांत तीन दिवस पसरलेला चढ होता. आमच्या मोरोकोंमध्ये एकाच दिवशी, सरळ सुळका. होल्टेबाईंचं उत्तर तासाभरात आलं. असा स्वच्छ आकडा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. दिवाळीपर्यंत तन्वीला तिकडून पत्र आलं, की पदवी घेऊन पुढच्या ऑक्टोबरात आमच्याकडे या, तीन वर्षांची जागा ठेवतो आहोत. तिची इथली शिष्यवृत्ती सप्टेंबरअखेर संपणार होती. जुलैत प्रबंध, सप्टेंबरात पदवी, ऑक्टोबरात नॉर्वे. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी व्हिसासकट सगळं कोसळणार, असं ते मोजून बसवलेलं होतं. तिच्या आईने ठाण्यात पेढे वाटले.

मला कळलं ते नोव्हेंबरात. गुरुवारची बैठक चालू होती आणि भिंतीवर तन्वीचा आलेख होता. सात महिने, सहा सुळके. सप्टेंबरात मात्र चौथा दिवस सपाट होता. "निसर्ग आहे, एखादा महिना चुकणारच," सेन्सेई म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. सप्टेंबरातली ती तारीख मला पाठ होती, कारण त्या दिवशी मी साप्पोरोला परिषदेत होतो आणि आदल्या दिवशी तन्वीचा फोन आला होता, की तू नाहीस, आता मलाच मारावे लागणार, बाप्पाची माफी मागते.

टेबलाखाली फोन धरून मी तिचे जुने मेसेज काढले. "उद्या चतुर्थी आहे." सहा मेसेज, सहा सुळके. मी नव्हतो त्या महिन्यात सुळका नाही. चंद्राबिंद्राचं काही नव्हतं. सुळका होता तो माझ्या हातांचा. ज्या हातांना माशांच्या खोलीतून हाकलून दिलं होतं, त्याच हातांवर तन्वीचं नाव नॉर्वेपर्यंत गेलं होतं.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. इतका आनंद मला जपानात आल्यापासून झाला नव्हता. मी कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून भाजलेलं रताळं आणलं आणि कामो नदीच्या काठावर बसून सालासकट खाल्लं.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, मराठीत, दोन वाक्यांत. पण मी सांगितलं नाही. दर चतुर्थीला मासे मारत राहिलो आणि चंद्रोदयानंतर तिच्या खोलीवर जाऊन मोदक खात राहिलो. मुद्दाम काही केलं नाही, करायची गरजच नव्हती. डिसेंबरात चढलं, जानेवारीत चढलं, फेब्रुवारीत बर्फ पडत होतं तरी चढलं. तन्वी प्रत्येक वेळी आकडा आला की मला दाखवायला यायची. एकदा तिचे डोळे भरून आले. "देवदत्त, बंद खोलीत त्यांना चंद्र कळतो रे," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाप्पाचे मासे आहेत." ती हसली. पुढच्या चतुर्थीला तूप जास्त घालून तिने मला एक मोदक आणखी वाढला.

होल्टेबाई मे महिन्याच्या सुरुवातीला आल्या. गोल्डन वीकची सुटी होती, अर्धं क्योतो बाहेरगावी गेलेलं, पण माशांना सुटी नसते. मी त्यांना स्टेशनवर आणायला गेलो. उंच, साध्या, साठीच्या बाई, पाठीवर पोराटोरांसारखी सॅक. बसमध्ये त्यांनी मला विचारलं, या कामात तुझं काय? मी सांगितलं, निबंध तुमचा मी वाचून दाखवला होता, एवढंच. मग सहज सांगावं तसं म्हणालो, "एक गोष्ट नक्की विचारा. वर्षभर मासे कुणी हाताळले? आमच्याकडे संकोचामुळे असे प्रश्न कुणी विचारत नाही."

त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. सेन्सेई, होल्टेबाई, मोरिता-सान, तन्वी, मी आणि सुटीतही आलेले दोघंतिघं. तन्वीने निळा कुर्ता घातला होता, आईने खास पाठवलेला. चाळीस मिनिटं ती बोलली आणि फार सुंदर बोलली. तेरा महिन्यांत बारा सुळके. होल्टेबाई पुढे वाकून ऐकत होत्या. मग त्यांनी वही उघडली.

"मासे वर्षभर एकाच व्यक्तीने हाताळले?"

"येस," तन्वी म्हणाली. म्हणतानाच तिची नजर माझ्याकडे वळली. तिला त्या क्षणी आठवलं असावं. आधी खरंच आठवलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"चौथा दिवस सोडून," मी म्हणालो. "चौथ्या दिवशी मी मारायचो."

मी उठलो, फोन काढला आणि मेसेज सेन्सेईंसमोर धरले. तारखा आलेखाशी जुळवून दाखवल्या. सप्टेंबर दाखवला. सेन्सेईंनी विचारलं, यात काय लिहिलं आहे? मग मी एकेक मेसेज वाचून त्याचं जपानी भाषांतर केलं. "उद्या चतुर्थी आहे रे. मासे मारशील का, प्लीज." "उद्या चतुर्थी, विसरू नकोस हं. उकडीचे करते." "उद्या चतुर्थी. सॉरी, परत तुलाच त्रास." बाराच्या बारा. होल्टेबाईंसाठी इंग्रजीतही केलं. मधे थांबता आलं असतं. तीन वाचून मुद्दा पटला असता.

"चतुर्थी म्हणजे काय?" सेन्सेईंनी विचारलं.

तन्वीने सांगायचा प्रयत्न केला. तिचं जपानी चांगलं आहे, पण त्या दिवशी तिला देव, उपास आणि चंद्र या तिन्हींचे शब्द एकदम सापडेनात. शेवटी मीच सांगितलं.

सेन्सेईंनी नोंदवही मागवली. 'हाताळणी'चा रकाना त्यांनी पहिल्या पानापासून बोट फिरवत पाहिला. बारा ठिकाणी तन्वीचं अक्षर, जिथे माझं हवं होतं.

"मला वाटलं नुसतं जाळं धरायचं..." तन्वी म्हणाली.

"तुझ्या हे कधी लक्षात आलं?" होल्टेबाईंनी मला विचारलं.

"काल," मी म्हणालो.

हेच ते एका शब्दाचं खोटं. बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे आदराने पाहिलं. सांगायला धैर्य लागतं, असं काहीतरी म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत स्वतःशीच पुटपुटल्या, की आमच्याकडेही सुटीच्या दिवशी विद्यार्थीच मासे काढतात, परत गेल्यावर बघावं लागेल.

सेन्सेई आवाज चढवत नाहीत. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि विचारलं, "येता चौथा दिवस मंगळवारी आहे ना?" मंगळवारी सकाळी दहा वाजता दोन टाक्या घ्यायच्या. एकीतले आठ मासे तन्वीने मारायचे, दुसरीतले आठ मी. नळ्यांवर नुसते आकडे, कुणाची कुठली ते मोरिता-सानना माहीत नसेल. चंद्र खरा असेल तर दोघांचेही मासे चढलेले असतील. तसं झालं तर रकान्यातली चूक दुरुस्त करू, प्रबंध उभा राहील. तन्वीचे सपाट आले आणि माझेच चढले, तर प्रबंधात काही उरत नाही.

मंगळवारची संकष्टी म्हणजे अंगारकी. वर्षभराचे उपास एका दिवसात पावतात, म्हणतात. तन्वीची आई त्या दिवशी पाणीही चंद्र बघूनच पिते. हे सेन्सेईंना माहीत नव्हतं आणि तन्वीने सांगितलं नाही. मी तर सांगणारच नव्हतो.

मंगळवारी जपानचा बालदिन होता, गल्लीतल्या घरांवर कापडी मासे फडकत होते. तन्वी नऊलाच आली. उपाशी होती, ओठ सुकलेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. होल्टेबाई आणि सेन्सेई भिंतीला टेकून उभे राहिले. मोरिता-सान बाहेर थांबल्या. तन्वीच्या वेळी घड्याळ माझ्या हातात होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या खोलीत जाळ्यातलं काही कळणारी माणसं दोनच होती, ती आणि मी. सेन्सेईंनी स्वतः मासा धरून वीस वर्षं झाली. होल्टेबाई भिंतीपाशी होत्या, टाकीच्या पाण्याचा पृष्ठभागही त्यांना दिसत नव्हता. तन्वीने जाळं जरा तिरकं घातलं असतं, एक मासा निसटू दिला असता, मग दुसरा, दोन मिनिटांची चार झाली असती, तर कुणाला काय कळणार होतं? दोन दिवस झोप नाही, पोटात अन्न नाही, हात थरथरला, एवढंच म्हणाले असते. तिचे मासे चढले असते. चंद्र खरा ठरला असता. पदवी, नॉर्वे, आईचे पेढे, सगळं तिच्या मनगटाच्या एका वळणावर होतं, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिने डोळे मिटले, ओठ किंचित हलले. मग जाळं पाण्यात गेलं. पाणी हललं नाही. पहिला मासा, दुसरा, तिसरा. टाकीत उरलेले निवांत पोहत होते. एक मिनिट बावीस सेकंद. वर्षभरातला तिचा सगळ्यात कमी वेळ. मी मोठ्याने वाचून दाखवला.

मग मी.

माझ्यापुढेही तेवढीच जागा होती. हात जरा जपून घातला असता तर माझे आकडे उतरले असते, चित्र धूसर झालं असतं, पुन्हा करू म्हणाले असते, आणि पुन्हा करायला तिला उन्हाळा तरी मिळाला असता. हा विचार माझ्या मनात आला. मी जाळं घातलं. मासे नेहमीप्रमाणे कोपऱ्यात पळाले. मी त्यांना तिथून हुसकलं, टाकीभर एक फेरी फिरवलं, मग दुसरी. तिसरी फेरी मुद्दाम होती. शेवटचा मासा काचेवर आपटत राहिला. सात मिनिटं वीस सेकंद लागली. तन्वी माझ्या खांद्याशी उभी राहून टाकीत बघत होती. तिसरी फेरी तिने पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. तिच्या आठांची सरासरी अकरा, रोजच्यासारखीच. माझ्या आठांची चोपन्न. सेन्सेईंनी कागद टेबलावर ठेवून सरळ केला. "बघू या" असंसुद्धा म्हणाले नाहीत. नोंदवहीत बारा ठिकाणी दुसऱ्याने केलेल्या कामापुढे आपलं अक्षर, आणि बैठकीत पाहुण्यांसमोर 'येस'. प्रबंध सादर करू नये असं त्यांनी सुचवलं. विद्यापीठाच्या समितीला कळवणं त्यांना भाग होतं. मुदतवाढीच्या अर्जावर अशा वेळी कुणी सही करत नाही. आठवड्याने होल्टेबाईंचं पत्र आलं, फार सौम्य. जागा आता देता येणार नाही. त्याच दिवशी मलाही एक आलं, कधी तिकडे यायचा विचार असेल तर कळव.

तन्वीने टोकियोत एका आयटी कंपनीत नोकरी धरली. टोकियोजवळच्या उरायासुला तिची मावसबहीण केतकी राहते, तिच्याकडे राहणार होती. जूनच्या पहिल्या शनिवारी ती टेबल आवरायला आली. प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. मला पाहून ती परत जाईल असं वाटलं, पण गेली नाही. पुस्तकं, कप, एप्रन एका खोक्यात भरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली,

"तुला खरं कधी कळलं?"

तिच्याशी खोटं बोलून आता मला काही मिळणार नव्हतं. "नोव्हेंबरात," मी म्हणालो.

ती वळली. रडलेली वगैरे नव्हती. हिशोब लावावा तसं बघत होती.

"म्हणजे माझ्याकडे सहा महिने होते."

"हो."

"नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी सेन्सेईंकडे गेले असते. नोंदवही दुरुस्त केली असती, तुझं नाव लिहिलं असतं. हिवाळ्यात स्वतःच्या हाताने सगळं परत केलं असतं. चंद्र नसता निघाला, नसता." तिचा आवाज शांत होता. "पकडणाऱ्याचा हात बदलला तर चंद्र उगवतो, हाच प्रबंध झाला असता. होल्टेंच्या कॉडपर्यंत गेला असता. पदवी मिळाली असती मला, देवदत्त. कदाचित याहून चांगली."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"आता कळलं तुला?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यावरून तिला सगळं कळलं. नोव्हेंबरात, बैठकीत टेबलाखाली फोन धरून बसलो होतो तेव्हाच मला ठाऊक होतं, की हिला सांगितलं तर ही पळत जाऊन कबूल करेल आणि त्यातून आणखी मोठी होईल. म्हणून तर सांगितलं नव्हतं.

तिने खोकं दोन्ही हातांनी उचललं. जड होतं. मी दार उघडायला पुढे झालो.

"नको," ती म्हणाली. खोकं जमिनीवर ठेवलं, दार स्वतः उघडलं, पायाने अडवून धरलं, खोकं पुन्हा उचललं आणि गेली.